शाळेत ॲलर्जीचा झटका: गोळी शोधण्याआधी मांडीत इंजेक्शन

शेंगदाण्याचा कूट आपल्याकडे कशात नसतो? साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, चटणी. मधल्या सुट्टीत डबे एकमेकांत फिरतात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलाला ‘चिक्की खाऊ नकोस’ एवढं सांगून भागत नाही.

अंगावर गांधी उठल्या की शाळेत पहिलं निदान ‘पित्त उठलं’ हेच. मग आमसुलाचं पाणी, एखादी सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी आणि ‘जा, ऑफिसात जाऊन बस’. नुसत्या गांधी असतील तर गोळी पुरते. पण सोबत आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, श्वासात शिट्टी वाजू लागली, जीभ सुजली, उलट्यांवर उलट्या झाल्या किंवा मूल गळून गेलं, तर हा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका. गोळी ना श्वासनलिका मोकळी करते, ना रक्तदाब सावरते. ते काम ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचं. काहींच्या अंगावर एकही गांधी येत नाही. दमेकरी मुलाच्या बाबतीत तर सगळे पंप शोधत बसतात. ॲलर्जीची वस्तू खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर दम लागला असेल तर आधी ॲड्रेनॅलिन, पंप नंतर.

मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मुलांसाठी एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. परदेशातल्या शाळांत औषध भरलेलं तयार पेन असतं: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, कपड्यावरूनही टोचता येतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. मिळतो तो १ मिलिलिटरचा, १ मिलिग्रॅमचा ॲम्प्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी. त्यातून २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. इथे इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, घाईत गफलत होते; शिवाय सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच राहतं. ॲम्प्युल फोडून मोजून औषध भरणं शिक्षकांवर टाकण्यासारखं नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पालक, मुलाचे डॉक्टर आणि शाळेजवळचा दवाखाना यांच्यात ठरवून ठेवा की सुई कोण टोचणार. मात्रा आणि लक्षणं लिहिलेला, डॉक्टरांच्या सहीचा कागद औषधासोबतच हवा.

मुलाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागला असेल तर पाय लांब करून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर. उभं करू नका आणि जिना उतरवत चालवू तर मुळीच नका. रक्तदाब पडलेला असताना उभं राहिलं की हृदयाकडे परतणारं रक्त एकदम घटतं आणि मूल जागीच कोसळू शकतं. दवाखान्यातले डॉक्टर किंवा औषध मुलाकडे यावं. एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने घरी कळवावं. आईबाबांच्या होकारासाठी इंजेक्शन अडवून ठेवू नये, तो होकार त्या कागदावर आधीच घेतलेला असावा. ५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, म्हणून दोन डोसांची तयारी हवी. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी झटका उलटू शकतो.

ॲम्प्युल उजेडापासून आणि उन्हापासून दूर ठेवा, रंग गुलाबी-तपकिरी झाला तर टाकून द्या. आणि कुलूपबंद कपाटात नको. किल्लीवाले शिपाईमामा नेमके तेव्हाच बँकेत गेलेले असतात.