शातो गायार: आतल्या कोटाची लाटांची भिंत अखेर उभी

मंडळी, भिंत उभी राहिली. शातो गायार या फ्रान्समधल्या मध्ययुगीन किल्ल्याचं मॉडेल मी करतेय, त्यातली ही भिंत. आतल्या कोटाचं अख्खं कडं एकही सांधा न उघडता बेसवर बसलंय. बाहेरचा त्रिकोणी कोट, मधला कोट आणि खंदक मागेच झाले होते, त्यांवर आज लिहीत नाही. हे सगळं फक्त भिंतीबद्दल.

मागचं वाचलेल्यांना अडचण ठाऊक आहे: भिंतीचा आकार. स्केल १:२००. ही भिंत सरळ नाही आणि नुसती गोलही नाही. पायाचा आकार लंबवर्तुळासारखा, आणि बाहेरच्या अंगाला एकाला लागून एक वर्तुळखंड फुगून आलेले. आतून मात्र साधी. इंग्लंडचा राजा रिचर्ड लायनहार्टने ११९६ ते ११९८ अशा जेमतेम दोन वर्षांत सेन नदीच्या काठी, लेझांदलीच्या डोक्यावरच्या कड्यावर हा किल्ला बांधून काढला. खर्च सुमारे १२,००० पौंड. आपल्या अख्ख्या कारकिर्दीत त्याने इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून साधारण ७,००० पौंड खर्च केले होते. त्या मानाने हा एकच किल्ला त्याला किती मोलाचा वाटत होता ते कळतं. असा जीव ओतलेला किल्ला मॉडेलमध्ये ढोबळपणे दाखवणं मला पटत नाही, म्हणून या भिंतीवर इतके दिवस गेले.

साच्याचा मार्ग बंद पडला तो भूमितीमुळे. वर्तुळखंडांची सरळ पट्टी सिलिकॉनच्या साच्यात ओतायची आणि ओली असतानाच वळवायची, अशी मूळ कल्पना होती. पण लंबवर्तुळाच्या लांब बाजूंना वळण जवळपास नाही, आणि दोन टोकांना ते एकदम आवळतं. टोकांशी खंड फाकायचे, मधल्या खाचा रुंद व्हायच्या आणि लाटेची लय तुटायची. मग एकेक खंड सुटा ओतून पाहिला. डेंटल स्टोनमध्ये कडा सुरेख येतात. (ज्यांच्या गावात दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणारं दुकान आहे त्यांनी पीओपीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.) पण सुट्या तुकड्यांचा सांधा नेमका दोन खंडांच्या खाचेत येतो. या भिंतीचं सगळं सौंदर्य त्या खाचेतल्या उभ्या सावलीत आहे. तिथे पुट्टी भरली की सावली मेली. भरीत भर म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेलं सिलिकॉन आठवडा उलटला तरी चिकटच राहिलं. त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही.

तोडगा मिळाला तो अवशेषांचे फोटो पाहताना. ही भिंत आजही बरीच शाबूत आहे. तिरप्या उन्हातल्या फोटोत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते दगडांचे आडवे थर. मी भिंत उभ्या तुकड्यांत कापत होते, आणि बांधणाऱ्यांनी ती आडव्या थरांत रचली होती. मग आपणही तशीच रचावी!

म्हणजे असं. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लंबवर्तुळ काढलं, त्यावर वर्तुळखंड बसवले आणि भिंतीच्या जाडीचं एक सलग कडं तयार केलं. तेच कडं १ मिलिमीटरच्या बाइंडिंगच्या पुठ्ठ्यातून लेझरने पुन्हा पुन्हा कापून घेतलं आणि एकावर एक चढवलं. १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात २० सेंटिमीटर, त्यामुळे पुठ्ठ्याची कडच दगडाचा थर होऊन बसते. उभा सांधा कुठेच नाही. दरवाजाची जागा ड्रॉइंगमध्येच रिकामी सोडता येते. पायथ्याचा उतार हवा असेल तर खालची कडी किंचित मोठी ऑफसेट करायची, की भिंत आपोआप खाली पसरत जाते. साच्यात हा उतार येता येत नव्हता, इथे तो फुकटात मिळाला.

चिकटवण्याबद्दल दोन शब्द, कारण हे प्रत्येकाला लागणार. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, त्यातल्या पाण्याने पुठ्ठा चहूबाजूंनी वर येतो. फेविबाँड पातळ हाताने दोन्ही बाजूंना लावून, जरा वाळू देऊन मग चिकटवा. पण तो एकदा धरला की हलवायला वाव देत नाही. म्हणून प्रत्येक कड्यात ठरावीक जागी २ मिलिमीटरची भोकं ठेवली आणि त्यांतून सायकलच्या आऱ्या उभ्या केल्या. आरी बरोबर २ मिलिमीटरची असते. कडं आरीवरून खाली सोडलं की ते आपल्या जागीच बसतं. लेझरने जळालेली तपकिरी कड पांढऱ्या रंगातून वर येते, त्यामुळे आधी लाखेच्या पॉलिशचा एक हात हवा. त्यावर दुधासारखी पातळ वॉल पुट्टी ब्रशने फिरवली. थर पुसट झाले, पण नाहीसे झाले नाहीत. अगदी हवं तसं!

लेझर कटिंगवाले दादा आधी इतक्या सारख्या कड्यांची ऑर्डर घ्यायला तयार नव्हते. मॉडेल पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून कडी शीटवर एकात एक बसवून बराच पुठ्ठा वाचवून दिला.

भिंत उभी झाल्यावर मी एक प्रयोग केला. फांजीच्या (तटावरच्या पहाऱ्याच्या वाटेच्या) उंचीवर टाचण्या लावून त्यांना दोरे बांधले आणि पायथ्याचा कोणता भाग कुठून दिसतो ते तपासलं. फुगीर पृष्ठभागामुळे दगडगोळा सरळ न बसता घसरतो हे तर आहेच. पण शेजारच्या भिंतीचा पायथा बाजूने मारता येईल इतके हे खंड बाहेर आलेले नाहीत, निदान माझ्या दोऱ्यांवरून तरी तसं दिसतं. भिंत मारा झेलायला उत्तम, पण पायाशी येऊन बसलेल्या माणसाला हुसकवायला कमी पडते असं माझं मत झालं आहे. आणि १२०४ मध्ये घडलं तेही याच्याशी जुळतं.

फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने १२०३ च्या उत्तरार्धात वेढा घातला. रिचर्ड ११९९ मध्येच गेला होता, आता गादीवर त्याचा भाऊ जॉन होता आणि किल्ल्याची जबाबदारी रॉजर द लेसीवर होती. फ्रेंच आले ते अर्थातच कड्याला मागच्या डोंगराशी जोडणाऱ्या सोंडेच्या बाजूने. बाहेरच्या कोटाचा टोकाचा बुरूज त्याच्या पायाखाली सुरुंग, म्हणजे भुयार, खणून पाडला. मधल्या कोटात शिरले ते जॉननेच बांधलेल्या इमारतीतून. ती शौचकुपाची वाट होती की चॅपेलची खिडकी यावर वाद आहे. फिलिपचा धर्मगुरू गियोम ल ब्रतों खिडकी म्हणतो, मीही खिडकीच्याच बाजूची आहे. उरली ही लाटांची भिंत. तिच्या दरवाजाला जाणारा पूल खंदक खोदताना मूळ खडकातच राखलेला होता. सुरुंग खणणाऱ्यांना त्या खडकाचाच आडोसा मिळाला. आतल्यांनी उलट सुरुंग खणला, त्यात पाया दोन्हीकडून पोकळ झाला, आणि वरून यंत्रांचा मारा चालू होताच. ६ मार्च १२०४ ला किल्ला पडला. शेवटी आत होते २० सरदार आणि १२० शिपाई.

हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. पुढचं काम कीपचं, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचं, ठरलं होतं. त्याची नोक दरवाजाच्या अंगाला झाली आहे, आणि वर रुंद होत जाणारे उलट्या पाचरीसारखे आधार इतके नेटके आलेत की मी ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघते. उरलाय फक्त माथा. त्या आधारांवरचं मॅचिकोलेशन (खाली मारा करायला माथ्याला ठेवलेली भोकं) युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी मानतात, पण कीपचा वरचा भाग आज शिल्लक नाही. चौथ्या हेन्रीने १५९९ मध्ये किल्ला पाडायला परवानगी दिल्यावर इथला दगड मठांच्या बांधकामाला गेला. आपण सगळे ज्यावर विसंबतो ते फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकचं चित्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. म्हणून माथा सुटा ठेवणार, लावता-काढता येईल असा. ज्यांना चित्र पटतं त्यांनी लावून बघावा.

पण कीपआधी आता सुरुंग करायचा आहे. भिंत थरांची आहे, तर दरवाजापाशी खालची काही कडी तोडून एक भाग सुटा करता येईल, आणि तो उचलला की खाली खडकाचा पूल, त्याच्या आडोशाचं भुयार आणि समोरून आलेलं दुसरं भुयार दिसेल. त्यासाठी बेसचा फोम तिथे कोरावा लागणार. ११९८ चा नवाकोरा किल्ला करायचा हे सुरुवातीपासून ठरलं होतं, आता मॉडेल मार्च १२०४ चं होईल. बाहेरच्या कोटाचा टोकाचा बुरूजही मग पडलेला दाखवायला हवा. तो इतका छान झालाय की त्याला हात लावायला जीव होत नाही. त्याची दुसरी, ढासळलेली प्रत याच थरांच्या पद्धतीने करीन. मूळ बुरूज शेल्फवर राहील.

वेल्समधल्या बोमारिस किल्ल्याचं मॉडेल त्यामुळे पुढे ढकललं. १२९५ चा एकात एक कोटांचा किल्ला या पद्धतीला सरळच जाईल, त्याची घाई नाही. त्याऐवजी इंग्लंडमधल्या रॉचेस्टर किल्ल्याच्या कीपचं माझं जुनं मॉडेल याच टेबलावर शेजारी मांडणार आहे. ज्या जॉनने १२०४ मध्ये सुरुंगापायी गायार गमावला, त्यानेच १२१५ मध्ये रॉचेस्टरच्या चौकोनी कीपचा कोपरा सुरुंगाने पाडला, भुयारातले लाकडी टेकू ४० डुकरांच्या चरबीने पेटवून. तिसऱ्या हेन्रीच्या काळात तो कोपरा पुन्हा बांधला तो गोल. दोन्ही मॉडेलं १:२०० चीच आहेत, त्यामुळे तुलना नीट होईल.

एक विचारायचंय. भुयाराचे टेकू कुणी या स्केलला केले आहेत का? बांबूच्या काड्या फारच सरळ दिसतात. सध्या खराट्याच्या काड्या भाजून बघतेय. कुणाकडे याहून बरा उपाय असेल तर फोटोसकट सांगा. खालची कडी कापायच्या आधी मला भुयाराची उंची पक्की करायची आहे.