जीएनयू रेडिओत पायथनचा स्वतःचा ब्लॉक: माझा अनुभव

जीएनयू रेडिओ म्हणजे रेडिओ सिग्नलवरची कामं सॉफ्टवेअरमधे करायचं साधन, आणि कंपॅनियन ही त्याची चित्रमय खिडकी. त्यात ब्लॉक (एकेक काम करणारे डबे) ओढा, वायरी जोडा, रन दाबा, इथपर्यंत सगळं छान चालतं, पण कधीतरी आपला स्वतःचा कोड मधे घुसवावासा वाटतोच. माझा फ्लोग्राफ (ब्लॉक जोडून बनलेली साखळी) साधाच होता, आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), पुण्याचं विविध भारती 101 मेगाहर्ट्झवर, 24 लाखाचा सँपल रेट (सेकंदाला किती नमुने ते) दहाने कमी करून 2 लाख 40 हजार, मग क्वाड्रेचर डीमॉड (एफएममधून आवाज बाहेर काढणारा ब्लॉक), मग 48 हजारावर आणून स्पीकरला. आवाज येत होता पण स, श एकदम टोचणारे, कारण एफएमवाले वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम वाढवून पाठवतात आणि त्या आपल्याकडे उतरवून घ्याव्या लागतात. त्यासाठी डीएम्फसिसचा तयार ब्लॉक आहे (त्यात टाऊ, म्हणजे फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट, डिफॉल्ट 75 मायक्रोसेकंद असतो, तो अमेरिकेचा, आपल्याकडे 50 टाकायचं), पण मला तो स्वतः लिहून बघायचा होता.

एम्बेडेड पायथन ब्लॉक टाकला, डबल क्लिक केलं, एडिटर उघडला. आत एक क्लास असतो, त्यात इनिट (ब्लॉक बनताना चालणारं) आणि वर्क (सिग्नलवर काम करणारं) अशी दोन फंक्शनं. इनिटमधल्या प्रत्येक पॅरामीटरला डिफॉल्ट व्हॅल्यू द्यावीच लागते कारण ब्लॉकला किती पोर्ट नि कुठले पॅरामीटर हे कळायला कंपॅनियन तो क्लास स्वतःच एकदा बनवून बघतं. सेव्ह केलं की ब्लॉकवर नवा पॅरामीटर लगेच दिसतो, हे मला फार आवडलं.

गणित एका ओळीचं. 48 हजार आणि 50 मायक्रोसेकंदला गुणक येतो साधारण 0.66, मागच्या आउटपुटचे 0.66 आणि नव्या सँपलचे 0.34, बस. खरी मेख अशी की वर्कला सगळा सिग्नल एकदम मिळत नाही, तुकडे मिळतात आणि प्रत्येक तुकडा किती मोठा ते शेड्युलर (ब्लॉकना डेटा पुरवणारा जीएनयू रेडिओचा भाग) ठरवतो. म्हणून मागचं आउटपुट सेल्फवर, म्हणजे ब्लॉकच्या ऑब्जेक्टमधेच, जपून ठेवायचं. ते वर्कच्या आत शून्यापासून सुरू केलं तर प्रत्येक तुकड्याच्या जोडावर टिक टिक ऐकू येते, मी मुद्दाम करून बघितलं, स्कोपवर तर उडी स्पष्ट दिसते.

टाऊला स्लायडर जोडायचा असेल तर सेल्फवर त्याच नावाचा व्हेरिएबल ठेवा, मग चालू असतानाच बदलतो. फक्त गुणक इनिटमधे काढून ठेवला तर स्लायडर कितीही हलवा आवाज तसाच, तो वर्कमधेच काढायचा.

48 हजारावर पायथनचा फॉर लूप माझ्या जुन्या लॅपटॉपवर आरामात चालला, पण तोच ब्लॉक डीमॉडच्या लगेच मागे 2 लाख 40 हजारावर लावला (गुणक अर्थातच बदलून) की आवाज तुटायला लागतो आणि कन्सोलवर एयू एयू एयू ची रांग (म्हणजे साउंड कार्डला सँपल वेळेत पोचत नाहीत). तिथे सायपाय या पायथन लायब्ररीचं एलफिल्टर हे तयार फंक्शन वापरलं, त्यालाही आधीची स्थिती दर वेळी द्यायची आणि परत घ्यायची, मग रांग थांबली. सी++ मधे मॉड्यूल बनवायला जीआर मॉडटूल आहे, सीमेक, मेक, इन्स्टॉल, एलडीकॉन्फिग असा सगळा घाट, पण एवढ्याशा फिल्टरसाठी कोण करत बसणार!