डोक्यातली फुली

जूनमध्ये, सरकी टोबायच्या आठ दिवस आधी, बाबांना लकवा मारला. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. शेजारच्या गावात लकव्याचं औषध देणारा एक जण आहे, त्याच्याकडं नेण्यातच आमची सकाळ गेली. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली. बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हे झालं. लिहायला लाज वाटते, पण झालं.

बाबांच्या मेंदूच्या सीटी स्कॅनची फिल्म काकांनी उन्हात धरली. "डाग तं उजवीकडं दिसून रायला ना बे. डाक्टर डावी बाजू काहून म्हणते?"

मी सांगितलं, फिल्म बाबांच्या पायाशी उभं राहून पाहिल्यासारखी असते. त्यांचं डावं ते आपल्या उजव्या हाताला.

"बरं, डावी. मंग हात उजवा काहून गेला?"

वीस वर्षं फळ्यावर काढत आलोय ती आकृती. पण काकांना फळा नको, वावर पाहिजे. आमच्याकडं कपाशी चौफुलीवर लावायचे. आडव्या-उभ्या काकरी जिथं छेदतात ती फुली, तिथं सरकी टोबायची, म्हणजे तण काढायचा डवरा दोन्हीकडून चालतो. म्हटलं, काका, मेंदू संपून पाठीच्या कण्यातली दोरी सुरू होते ना, त्या सांध्यावर अशीच फुली आहे. हात-पाय हलवणाऱ्या शंभर धाग्यांतले 75 ते 90 तिथं बाजू बदलतात. 1709 मध्ये इटलीतल्या मिस्टिकेल्लीनं ती फुली दाखवली. तिचं 'डेकसेशन' हे नावही लॅटिनमधल्या दहाच्या आकड्यावरून, म्हणजे X वरून पडलंय.

"अन् आठ्या?" काका म्हणाले. माणूस बारीक पाहतो. बाबांचं तोंड वाकडं झालं, पण चिडले की कपाळावर आठ्या दोन्हीकडं सारख्या. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून धागे येतात, म्हणून ते वाचलं. बोलणं बहुतेकांचं डाव्या अर्ध्यातच असतं, ते गेलं. आता कशालाही एकच उत्तर, "हाव."

ताटाचं मात्र माझ्याही उशिरा ध्यानात आलं. भाकर उजव्या कडेला तशीच पडून राहायची. मला वाटलं, भूकच मेली. मग एक दिवस उजवीकडून पाण्याचा गिलास पुढं केला तर दिसलाच नाही. डावीकडून नेला, लगेच डाव्या हातानं घेतला. डोळ्यांमागं दुसरी फुली आहे, ऑप्टिक कायाझ्मा. बैलाचे डोळे कानशिलाकडं, त्याचे बहुतेक धागे तिथं पलीकडं जातात. आपले साधारण निम्मेच, प्रत्येक डोळ्यातले नाकाकडचे. म्हणून दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवी बाजू डाव्या मेंदूत जमा होते. त्या मेंदूतच नुकसान झालं तर डोळे शाबूत राहूनही उजवीकडचं अर्धं जग जातं, अन् त्यात भाकरही गेली.

हे सगळं मायला समजावून सांगायला चुलीपाशी गेलो. कागदावर फुली काढली, धागे काढले. तिनं भाकर उलटवली.

"मी तं आठ दिवसापासून मधातच ताट फिरवून देतो त्यायले," ती म्हणाली. "तू नसते ना घरी."