तुम्ही विचारलंत म्हणून: जिप्सीला काय काय केलंय?

भोरच्या पेट्रोल पंपावर, महाडकडे जाताना चहाच्या टपरीवर आणि पाऊस सुरू झाला की फोनवरसुद्धा, मला एकच प्रश्न येतो. "दादा, गाडीला काय काय केलंय? खर्च किती आला?" विचारणाऱ्यांतले बरेच जण स्वतः जुनी जिप्सी नाहीतर जुनी महिंद्रा घ्यायच्या बेतात असतात. पहिले पाच-दहा हजार कुठे घालावेत, हे त्यांना हवं असतं. पंपावर उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट बसून लिहितोय.

माझी गाडी 1998 सालची जिप्सी किंग. 1300 सीसीचं कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन, पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), वजन साधारण एक टन. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली आणि नंतर तीसेक वर्षं तिचा सांगाडा फारसा बदललाच नाही. म्हणून सुटे भाग अजून मिळतात आणि तालुक्याच्या गावातला फिटरही न घाबरता ती उघडतो. बघणाऱ्याची नजर टायरवर जाते, उंचीवर जाते. पण माझ्या मते गाडीतलं सगळ्यात मोलाचं काम बाहेरून दिसतच नाही. त्याला मला दोनशे ऐंशी रुपये लागले.

ते काम करायची बुद्धी नऊ हजार घालवल्यावर आली. वरंधा घाटाच्या अलीकडे, हिर्डोशी खोऱ्यात, एक ओढा ओलांडला. पाणी गुडघाभर, तळ दगडी, गाडी आरामात गेली. तीन आठवड्यांनी पन्नासच्या पुढे मागून बारीक घूं घूं ऐकू यायला लागलं. आमच्या फिटरकाकांनी मागच्या डिफ्रन्शलचा (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) खालचा बोल्ट सोडला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. नव्वद नंबरचं तेल काळपट, मधासारखं ओघळायला हवं. ट्रेमध्ये पडलं ते दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं, वर बारीक फेस. काकांनी दोन बोटांत घेऊन चोळलं. चिकटपणा नावालाही नव्हता.

झालं होतं असं. दोन तास चालून डिफ्रन्शलचं हाउसिंग चांगलं तापलेलं असतं. आतली हवा फुगते आणि वरच्या छोट्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या छिद्रातून, बाहेर पडते. असं तापलेलं हाउसिंग थंडगार ओढ्यात बुडलं की आतली हवा झटक्यात आकसते आणि मिळेल त्या वाटेने बाहेरचं ओढून घेते. बाहेर पाणी असतं, मग ब्रीदरमधून नाहीतर झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणीच आत जातं. गाडी त्या दिवशी काही बोलत नाही. बेअरिंगं मात्र त्या पांढऱ्या पाण्यावर फिरत राहतात.

उपाय सोपा आहे, आणि तेच ते दोनशे ऐंशी रुपयांचं काम. ब्रीदर काढायचा, त्याच आट्यांचं पितळी निपल बसवायचं, त्यावर पेट्रोलचा रबरी पाइप क्लिप आवळून चढवायचा आणि पाइपचं दुसरं तोंड पाण्याच्या वर न्यायचं. पुढच्या अ‍ॅक्सलचा पाइप मी बॉनेटखाली वरपर्यंत नेलाय, मागचा टेललॅम्पच्या मागे. तोंडाला मोटरसायकलचा साधा पेट्रोल फिल्टर लावला, म्हणजे धूळ जात नाही आणि किडे घर करत नाहीत. एकच खबरदारी सांगतो, कारण पहिल्या वेळी माझी तिथे चूक झाली: पाइपला भरपूर सैल ठेवा. अ‍ॅक्सल वीतभर वरखाली होतो. ताणून बांधलेला पाइप पहिल्याच मोठ्या खड्ड्यात निपलवरून निघतो. आणि तो ब्रेकच्या लवचिक पाइपला बांधू नका. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्या ब्रीदरलाही हेच करता येतं.

तेल बदलतानाची एक गोष्ट कुणी सांगत नाही. खालचा बोल्ट सोडायच्या आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. तेल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी तिथेच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर स्नॉर्केलबद्दल (इंजिनाला हवा उंचावरून देणारा पाइप), कारण पीव्हीसी पाइपचं घरगुती स्नॉर्केल करू का, असं खूप जण विचारतात. पाणी इंजिनात गेलं की संपलं, हे खरंच आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. पण माझ्यासारख्या जुन्या पेट्रोल गाडीत पाणी एअर फिल्टरपर्यंत चढायच्या कितीतरी आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग, भिजतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून आधी तिथे लक्ष द्या. कॅप काढून कोरडी पुसायची, चिरा बघायच्या, वायरींची रबरी बुटं कडक झाली असतील तर बदलायची, कॅपच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. वरून जाड रबरी हातमोजा: बोटांची टोकं कापून त्यातून प्लगच्या वायरी काढायच्या आणि मनगटाची बाजू कॅपवरून खाली ओढायची. ओढ्यात शिरण्यापूर्वी ग्रिलवर ताडपत्रीचा तुकडा बांधला तर पंखा इंजिनवर पाणी उडवत नाही. पलीकडे गेल्यावर तो लगेच सोडायचा, नाहीतर रेडिएटर तापेल. आणि पाणी वाहतं असेल, तळ दिसत नसेल, तर आधी काठी घेऊन पायी जाऊन या. पायी जायची भीती वाटत असेल तर गाडीही घालू नका.

आता फुकटची गोष्ट. टायरमधली हवा.

रस्त्यावर मी सव्वीस पीएसआय ठेवतो. चिखलाच्या चढाला सोळापर्यंत उतरवतो. टायर जमिनीवर लांब पसरतो, त्याचे दात मातीत बसतात आणि जिथे चौघे धक्का देत होते तिथून गाडी तिची ती चढते. मोठ्या टायरवर चाळीस हजार घालायला निघालेल्या एका मुलाला मी हे आमच्या शेताच्या वाटेवर करून दाखवलं. लाल मातीचा ओला चढ, त्याची चाकं जागेवर फिरत होती. चारही टायरची हवा उतरवली आणि तो पहिल्या प्रयत्नात वर गेला. त्याने टायर घ्यायचं पुढे ढकललं. हवा कमी असताना सावकाश चालवायचं आणि स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, टायर रिमवरून उतरू शकतो. साध्या रिमवर मी बाराच्या खाली कधीच जात नाही. हवा परत भरायला बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो, फक्त तो चिमट्यांनी थेट बॅटरीला लावा. सिगरेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक वेळा त्याने उडतो.

हेडलाइटचंही असंच. जिप्सीचे दिवे मिणमिणते म्हणून लोक शंभर वॅटचे बल्ब टाकतात. ते बेकायदा आहेच, शिवाय जुन्या वायरी आणि स्विच वितळतो. मी मल्टिमीटर लावून बघितलं: इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर 11.7. दोन व्होल्ट वाटेत, जुन्या बारीक वायरीत आणि डॅशबोर्डच्या स्विचमध्ये जात होते. व्होल्टेज थोडं पडलं की हॅलोजन बल्बचा उजेड त्यापेक्षा कितीतरी जास्त उतरतो; दहा टक्के कमी व्होल्टेजला उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मग दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे स्विच), बॅटरीपासून फ्यूज लावून नवी जाड वायर आणि चेसिसला घासून स्वच्छ केलेला अर्थ. जुनी वायर आता फक्त रिलेला इशारा देते. बल्ब तेच, 60/55 वॅटचे. साडेसहाशे रुपये आणि रविवारची एक दुपार. त्या रात्री घाटात वळणाच्या आतला दगड लांबूनच दिसला आणि एवढी वर्षं मी अंधारात गाडी चालवत होतो हे कळलं.

इथपर्यंतच्या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. ती फसली तर तुमचा दिवस जाईल, फार तर टोचन करून गाडी आणावी लागेल. तिथे जुगाड जरूर करा. पण जिथे फसलं तर माणूस जाईल, तिथे एक रुपयाही वाचवू नका. ब्रेक, स्टिअरिंग आणि गाडी ओढून काढायचं सामान, या तीन ठिकाणी मला कुणाचंही जुगाड चालत नाही. माझं स्वतःचंही.

कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. चिखलात रुतलेली गाडी काढायला नायलॉनचा दोर बंपरच्या हुकाला बांधला होता. दुसऱ्या गाडीने झटका दिला, वेल्डिंग सुटलं आणि हुक दोरासकट सुसाट उडाला. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या दाराचा पत्रा फाटला. दोन मिनिटांपूर्वी त्याच दारापाशी एक मुलगा उभा राहून फोटो काढत होता. त्यानंतर मी गाडी ओढायचा पट्टा, वजन कोरलेल्या दोन शॅकल (पट्टा हुकाला अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि चेसिसला बोल्टने बसणारे हुक घेतले. बोल्ट घेताना डोक्यावर 10.9 हा मजबुतीचा आकडा लिहिलाय का ते बघा. शॅकलवर 3.25 टन कोरलेलं असेल तर एवढ्या हलक्या गाडीला ठीक. ओढताना पट्ट्याच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं आणि सगळ्यांनी पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं राहायचं. साखळीने झटका तर कधीच द्यायचा नाही.

उंचीचं थोडक्यात सांगतो. पाट्यांना लांब शॅकल (इथे कडी नव्हे, पाटा चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून दोन इंच उंची स्वस्तात मिळते. मी लावल्या आणि चार महिन्यांत काढल्या. पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बदलला, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, हायवेवर गाडी सारखी भरकटायला लागली. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. बुलबारवर तर डिसेंबर 2017 पासून केंद्राच्या आदेशाने बंदी आहे. त्यापेक्षा जुने पाटे उतरवा, पानांमधला गंज घासा, ग्रीस लावा, मेलेली बुशं बदला. माझी गाडी तेवढ्याने मागून बोटभर उचलली गेली आणि दगडावर पूर्वीपेक्षा मऊ चालायला लागली.

ग्रीस गन मात्र घ्याच. पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी यूजे क्रॉसमध्ये (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यात) ग्रीस मारलं की आतलं गढूळ पाणी बाहेर येताना दिसतं. ब्रेकचे ड्रम वर्षातून दोनदा उघडून वाळलेला चिखल काढा. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबरुंद जाड प्लायवूड, दोन गोणपाटं आणि एक फावडं एवढं माझ्या मागच्या सीटखाली कायम असतं. भातखाचरांच्या कडेने जाताना बांध मोडू नका. मोडलाच तर त्याच फावड्याने तिथल्या तिथे बांधून द्या आणि ज्याचं शेत आहे त्याला सांगून या. एका बांधावर त्याचं वर्षभराचं पाणी अडलेलं असतं.

खर्च विचारलात, तर ब्रीदर, डिस्ट्रिब्युटर, दिवे, कॉम्प्रेसर, ग्रीस गन आणि पाट्यांचं काम मिळून साडेनऊ हजारांच्या आत झालं. पट्टा, शॅकल आणि हुकांना वेगळे सात हजार लागले आणि ते मी आनंदाने दिले.

ज्यांची अजून घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी शेवटचं. गाडी बघायला जाल तेव्हा एक टॉर्च आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर बरोबर न्या. रंग बघू नका, खाली आडवे व्हा. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेत तिथे, आणि बॉडी चेसिसवर टेकते त्या प्रत्येक जागी, स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावून टोचा. किनाऱ्याकडे राहिलेली गाडी असेल तर दोनदा टोचा. खणखणीत आवाज आला तर बाकीचं सगळं दुरुस्त होतं, इंजिनसुद्धा. टोक आत गेलं तर ती गाडी घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी.