होरी-काशिमा योनकोमा: हाताचा ठसा, काळा पडदा

'गेक्कान शोजो नोझाकी-कुन'वरच्या माझ्या चार चौकटींच्या पट्ट्यांचं (जपानीत योनकोमा) काम पुढे सरकलंय. ताजी पट्टी पेन्सिलीतून शाईत गेली, टोन (करड्या छटेसाठीचे ठिपके) बाकी आहेत.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. इझुमी त्सुबाकीची ही मांगा (जपानी चित्रकथा) २०११ पासून चालू आहे आणि मुळात चार चौकटींचीच आहे. २०१४ मध्ये दोगा कोबो स्टुडिओने तिचे ॲनिमेशनचे बारा भाग केले, दिग्दर्शन मित्सुए यामाझाकी यांचं. नोझाकी हा शाळकरी पठ्ठ्या टोपणनावाने मुलींसाठी प्रेमकथा काढतो. चियो त्याला प्रेम सांगायला जाते आणि त्याच्या पानांत काळी शाई भरत बसते. पण माझा जीव अडकलाय तो शाळेच्या नाट्यमंडळातल्या जोडीत.

होरी मंडळाचा अध्यक्ष, काशिमा त्याची हुकमी नायक. हो, नायकच. ती शाळेचा 'राजपुत्र' आहे. पोरींचा घोळका सोडून तालमीला येत नाही आणि होरी तिला अक्षरशः फरफटत आणतो. तो स्वतः उत्तम नट, पण उंचीने कमी, आणि काशिमाला नायक म्हणून बघण्याची हौस दांडगी, त्यामुळे हा गडी नेपथ्याकडे वळला. नोझाकीची पार्श्वचित्रं काढून देतो, त्या बदल्यात मंडळाला संहिता मिळते. आणि काशिमाची पक्की समजूत काय, तर सेन्पाईंना (म्हणजे वरच्या वर्गातल्या होरीला) राजकन्या व्हायचंय! (ताकाराझुका या जपानी नाट्यसंस्थेत १९१४ पासून बायकाच पुरुषपात्रं रंगवतात. बालगंधर्व पाहिलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे पचायला जड गेलं नसतं.)

नोझाकी-चियो गोड आहेत, पण तिथे निदान चियोला स्वतःचं मन माहीत आहे. इथे दोघांनाही पत्ता नाही, म्हणून मला ही जोडी जास्त हसवते. त्यांचं जे काही चाललंय ते तालीम, संहिता, नेपथ्य यांच्या आडून. मीही तेच पथ्य पाळतोय: गाल लाल करायचे नाहीत, 'प्रेम' हा शब्द आणायचा नाही, जे घडेल ते नाटकाच्या कामातून घडेल.

पट्टी अशी आहे. पहिल्या चौकटीत राजकन्या झालेली मुलगी आजारी, होरी हातभर रंग माखून नेपथ्याच्या फ्लॅटवर (उभ्या चौकटीवर) झाड रंगवतोय. "थांब, तिच्या जागी मी उभा राहतो. घे संवाद." दुसरीत काशिमा गुडघ्यावर, संवाद ऐन रंगात, आणि होरी खेकसतो, "पाठ ताठ ठेव!" तिसरीत शब्द नाही, फक्त बघत राहिलेलं मंडळ. चौथीत काशिमा पाठमोरी, पांढऱ्या कोटावर पाचही बोटांचा ठसा. कपडेपटवाली ओरडते, "अध्यक्ष, परवा प्रयोग आहे!" होरी परत झाडाकडे वळलेला: "मग? पाठ सरळ झाली ना?"

सगळा विनोद त्या ठशावर उभा आहे आणि रंग वापरायची सोय नाही. कोट कागदासारखा कोरा ठेवला, ठशाला तीस टक्क्यांचा टोन योजलाय, आणि मागचा पडदा शाईने गच्च काळा केला. कडेने आधी बारीक रेघ मारून मग ब्रशने आतला भाग भरला. चियो दर भागात हे हसतमुखाने कशी करते देव जाणे. मनगट भरून येतं.

खोक्याची गंमत सांगायलाच हवी. नोझाकीची यथादर्शनाशी (चित्रातल्या जवळ-लांबच्या मेळाशी) फारकत आहे, उंचीचा मेळ बसेना की तो पात्राच्या पायाखाली सरळ खोकं सरकवतो. माझ्याही पहिल्या चौकटीत होरीच्या पायाखाली खोकं आहे, पण ते रंगमंचावरची रीतसर लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा आहे! झाडाचा शेंडा रंगवायला तो तिच्यावर चढलाय आणि त्यामुळे एकदाच काय तो काशिमाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकतो. ही लेव्हल विंगेतून दिसते तशी काढलीय, म्हणजे फळ्यांच्या रेषा दोन्ही बाजूंनी पळतात.

संवादाच्या फुग्यांचं गणित मजेशीर आहे. जपानी मजकूर उभा, म्हणून तिकडचे फुगे उंच आणि अरुंद. देवनागरीला आडवी, चपटी जागा लागते. होरी बुटका असल्याने त्याच्या डोक्यावर ती आयतीच मिळते. चौकटी वरून खालीच जात असल्याने क्रमाचा प्रश्न येत नाही, पण चौकटीच्या आत आधी बोलणारा डावीकडे हवा. फाँट बालू घेतलाय, गुबगुबीत आहे आणि विनोदाला शोभतो. फक्त दोन ओळींत अंतर सढळ ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

टोनचे चिकट कागद आमच्याकडच्या दुकानांत मिळत नाहीत, म्हणून ते काम स्कॅननंतर क्लिप स्टुडिओ या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. पट्टी छापायच्या मापाची करून मगच टोन देणार, कारण ठिपके भरलेलं चित्र लहान केलं की त्यावर नको ती जाळी उमटते.

पुढच्या पट्टीचा विषय काशिमाचं गाणं. पोरगी सगळ्यात हुशार, पण सुराशी उभं वैर. ते बेसूर गाणं निव्वळ अक्षरांच्या आकारातून दाखवायचा विचार आहे. दरम्यान, इकडच्या कुठल्या कागदावर जी-पेनची (मांगा काढायच्या बुडवून वापरायच्या टाकाची) शाई फुटत नाही हे कोणी आजमावलं असेल तर जाडीसकट सांगा.