पंगतीतला निकाल

"कितली जाडी व्हयनी व माय ही पोर!"

आखाजीची पंगत. मावशींनी वाढता वाढताच हे म्हटलं. कौतुकाच्या सुरात, बरं का. सगळे हसले.

भाची दहा वर्षांची. आमरसात बुडवलेला पोळीचा तुकडा तिने ताटाच्या कडेला ठेवला आणि टी-शर्ट पोटापासून ओढून जरा सैल केला. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

शेजारी तिचा भाऊ. "खाय रे भाऊ, काडी व्हयी गया!" म्हणत त्याच मावशी त्याच्या खापरावरच्या पोळीवर तुपाची धार सोडत होत्या. त्याचं पोट कधीच भरलेलं, पण ऐकतं कोण!

मावशी वाईट नाहीत. सकाळपासून चुलीपुढे होत्या. पण एकीचा घास अडला आणि दुसऱ्याला कोंबला, तेही एकाच हाताने.

मुली साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान वयात यायला लागतात. तेव्हा वजन वाढणारच, वाढायलाच हवं. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे वय, उंची, वजनाचे तक्ते असतात. भारतीय बालरोग अकादमीने ५ ते १८ वयासाठीचे तक्ते २०१५ साली सुधारून दिलेत. ते पाहून, दाराआड, आईबापाशी बोला ना. पंगतीत कशाला निकाल?

आता अडचण अशी की भरल्या पंगतीत मावशींना टोकायचं कसं? आमच्याकडे तर ते पोरीच्या वजनापेक्षा मोठं प्रकरण होईल. तुमच्या घरी कोणी जमवलंय का?