आवक-जावकच्या टेबलावरची मुलगी

३० सप्टेंबर २०२५, रात्री

आज तिचा शेवटचा दिवस. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आली तेव्हा सहा महिने म्हणत होते, पुढे पाच वाढले, तेही संपले. पेढे तिनेच आणले. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातही काही आलं नव्हतं. नवरात्रीचा आजचा रंगसुद्धा तिने बरोबर घातला होता. पेपरात छापून येतो म्हणा, नाहीतर तिला कळायचं कसं? कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात तिला कधी घेतलंच नाही. "ती कुठे कायमची आहे?" असं कोणीतरी म्हणालं होतं. कोणीतरी कशाला, मीच.

पंचायत समितीत मी १९९४ ला लागले, वडिलांच्या जागी, अनुकंपावर. चोवीस वर्षांची होते. हे मी हल्ली कोणाला सांगत नाही. टाइपरायटरवर मराठी ३० ची परीक्षा दिली ते मात्र सांगते, न विचारता.

आमच्या खोलीत तीन टेबलं. माझ्या शेजारी कनिष्ठ सहाय्यक, २०११ चे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले म्हणून त्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत सात दिवस आम्ही दोघंही बाहेर बसलो. माझी पेन्शन पक्की असून मी बसले, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवते. ते म्हणतात, तुमच्या पिढीने २००५ लाच बसायला हवं होतं. अशी आमची रोजची कुरबुर. एकदा ती ऐकता ऐकता पोरगी नोंद करायची थांबली. "मॅडम, पेन्शन म्हणजे दर महिन्याला? मरेपर्यंत?"

बी.कॉम. झालेली मुलगी, तिला काय माहीत नसेल? एकदा आमच्या तोंडून ऐकायचं होतं बहुतेक. तिचं विद्यावेतन दहा हजार. त्यात एसटीचं भाडं आणि अभ्यासिकेची फी. आम्ही दोघांनी एकदमच चहा मागवला.

ती आली तेव्हा माझा राग वेगळाच होता. सव्वासहाच्या ठोक्याला पिशवी उचलायची. फोनवर बोलून मजकूर टाइप करायची. कागद सहा गठ्ठ्यांत लावायची आमची पद्धत, त्या 'सहा गठ्ठा'चं 'सहा गोठा' झालेलं मी अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं होतं. ती हसली, दुरुस्त केलं, आणि महिनाभरात माझ्या कपाटातली सगळी प्रकरणं संगणकावर उतरवली. प्रलंबित कोणती, प्रतीक्षाधीन कोणती, अभिलेख कक्षात कोणती पाठवायची, नाश कोणती करायची, सगळं वेगळं. २०१६ ची एक नस्ती मी चार वर्षं शोधत होते, ती 'नियतकालिके'च्या, म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायच्या अहवालांच्या, गठ्ठ्यात निघाली. ठेवलेली मीच असणार. पोरगी काही बोलली नाही.

तपासणीत साहेबांनी संकलनाचं, म्हणजे टेबलाच्या कामाचं, कौतुक केलं. माझ्या. टिपणी तिने लिहिलेली, खाली सही माझी, आणि ते नियमाला धरूनच होतं. तेव्हा "हिने केलंय" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? ती दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. लाकडी खुर्ची मागते म्हणाले होते, तेही राहिलं.

या मुलांना कार्यालयाबद्दल आपलेपणा नाही, असं मी बैठकीत म्हटलेलं आहे. जायची तारीख घेऊनच आलेल्या पोरीने सव्वासहा वाजल्यानंतर कोणासाठी थांबायचं होतं? मी थांबायचे, खरं आहे. पण मला इथून कोणी काढणार नाही, हे मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

जाताना वाकून नमस्कार केला. पाकिटात पाचशे घालून दिले. नको म्हणाली, मग घेतले.

आता खरी अडचण. परवा दसरा, शुक्रवारी अकराला प्रलंबित प्रकरणांची बैठक. तिची शीट उघडते, पण ते वरचे बाण दाबून तीन महिन्यांवरची प्रकरणं वेगळी कशी काढायची ते मला येत नाही. तिने दोनदा दाखवलं होतं. दोन्ही वेळा मी हो हो म्हणाले. शेजारच्यांनाही जमत नाही, विचारून झालं. फोन नंबर आहे. पण उद्यापासून तिला आमच्याकडून एक रुपया नाही, आणि मी काय म्हणून फोन करू? दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला म्हणून केला, तर तिला लगेच कळेल.